एक वही, अनेक हात

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी कविता द्यावी, फार तर एखादी कथा द्यावी, असा आपल्याकडे संकेत आहे. त्यामुळे माझ्या लेखाचा विषय ऐकताच संपादक मंडळातील माझ्या मित्राने विचारले, "अरे, तू वाट चुकून विज्ञान शाखेत तर शिरला नाहीस ना?" मी त्याला एवढेच सांगितले की, विषय मोबाइलचा दिसत असला तरी मुळात तो विश्वासाचा आहे. एकच वही अनेकांनी एकाच वेळी वाचावी, तीत अनेकांनी एकाच वेळी लिहावे आणि तरीही वही खोटी पडू नये, हे कसे साधते, एवढाच हा प्रश्न आहे. हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर पाचशे रुपयांचा आळ आला आणि तो मी लिहिलेल्या अ‍ॅपमुळे आला, तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला.

मावशी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तेथील बारा बायकांच्या बचत गटाची ती सचिव आहे. प्रत्येकीने महिन्याला दोनशे रुपये भरायचे, जमलेल्या पैशांतून गरजूला कर्ज द्यायचे आणि सगळा हिशेब एका लांबट, लाल पुठ्ठ्याच्या वहीत मांडायचा, असा त्यांचा रिवाज. पैशांची पेटी आणि पेटीची किल्ली मावशीकडे. मी बी. ए. करता करता थोडेफार प्रोग्रॅमिंग शिकलो होतो. नव्या शिकाऊ न्हाव्याला जसे प्रत्येकाचे डोके दिसते, तसे मला जिथे तिथे अ‍ॅप दिसू लागले होते. मी मावशीला म्हणालो, "ही वही आता ठेव माळ्यावर. मी तुला मोबाइलमध्ये वही करून देतो."

आणि दिलीही. गटाच्या अध्यक्षबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. तिकडच्या पाच-सहा जणींचे पैसे त्या गोळा करतात. म्हणून मी त्यांच्याही मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवले. त्यांनी तिकडे केलेली नोंद नेटवर्कवरून मावशीच्या मोबाइलमध्ये आपोआप यावी आणि शिल्लक वाढावी, अशी सोय केली. सहा महिने सारे सुरळीत चालले. गावात माझे नाव झाले. ते ऐकून मी थोडा फुगलोही होतो, हे कबूल केले पाहिजे.

मग एका संध्याकाळी बैठक भरली. शेवटी पेटी उघडून पैसे मोजले, तर चौदा हजार तीनशे निघाले. मोबाइल मात्र शिल्लक चौदा हजार आठशे दाखवत होता. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. पाचशे रुपये कमीच. कोणी काही बोलले नाही. पण बारा बायकांची बैठक एकाएकी गप्प होते तेव्हा ती काय बोलत असते, हे ज्याला कळायचे त्याला कळते. किल्ली एकीकडेच होती. रात्री मावशीचा फोन आला. "काहून रे बाबू, तुह्या मोबाइलातले पाचशे रुपये कुठी गेले? मले इंग्रजी येत नसन, पन दुसऱ्याचे पैसे खाता येत नाही." त्या रात्री तिला झोप लागली नाही आणि मलाही नाही.

चूक कशी घडली?

दुसऱ्या दिवशी मी मावशीचा मोबाइल घेऊन बसलो. एकेक नोंद कागदावर उतरवून बेरीज-वजाबाकी केली, तर उत्तर आले चौदा हजार तीनशे. म्हणजे पेटी खरी होती, मावशी खरी होती आणि एकेक नोंदही खरी होती. खोटी होती ती फक्त 'शिल्लक' या शब्दासमोरची रक्कम. ती मी वेगळी साठवून ठेवली होती आणि प्रत्येक व्यवहारागणिक बदलत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा प्रकार झाला होता. चोर माझ्याच प्रोग्रॅममध्ये बसला होता.

तो कसा शिरला ते सांगतो. मोबाइलमध्ये एकाच अ‍ॅपची अनेक कामे एकाच वेळी चालू असतात. त्यांना थ्रेड, म्हणजे धागे, असे म्हणतात. एक धागा पडदा रंगवतो आणि आपल्या बोटांचे ऐकतो, तर दुसरा पडद्यामागे नेटवर्कवरून माहिती आणतो. माझ्या अ‍ॅपमधला पडद्यामागचा धागा असे वागत होता : आधी शिल्लक वाचायची, मग नेटवर्कवरून अध्यक्षबाईंच्या नव्या नोंदी मागवायच्या, त्या आल्या की वाचून ठेवलेल्या शिलकेत मिळवायच्या आणि नवी शिल्लक लिहायची. एरवी अध्यक्षबाईंच्या नोंदी बैठकीपूर्वीच येऊन पडत. त्या दिवशी नेटवर्क रडत होते, म्हणून त्यांची दोनशे रुपयांची एक नोंद ऐन बैठकीत आली.

आता घटनाक्रम पाहा. पडद्यामागच्या धाग्याने शिल्लक वाचली : १४,६००. मग तो नेटवर्कची वाट पाहत बसला. तेवढ्यात मावशीने एका सभासदाला मुलाच्या वह्या-पुस्तकांसाठी पाचशे रुपये कर्ज दिले आणि नोंद केली. त्या धाग्यानेही १४,६०० वाचले, पाचशे वजा केले आणि १४,१०० लिहिले. हे बरोबरच होते. मग नेटवर्क आले, दोनशेची नोंद आली. पहिल्या धाग्याच्या मनात अजून जुनेच १४,६०० होते. त्यात त्याने दोनशे मिळवले आणि मावशीने लिहिलेल्या आकड्यावर १४,८०० लिहून टाकले. मावशीची वजाबाकी पुसली गेली. दोघांनी आपापले गणित बिनचूक केले होते, तरी दोघांचे मिळून उत्तर चुकले. संगणकशास्त्रात या प्रकाराला हरवलेली दुरुस्ती म्हणतात.

लाल पुठ्ठ्याच्या वहीत हे कधी घडले नसते, कारण वही एक होती आणि लेखणीही एक होती. मावशी लिहीत असताना दुसरी बाई थांबत असे आणि तिच्या हाती वही आली की ती मावशीने लिहिलेली शेवटची ओळ पाहूनच पुढे लिही. मी वही मोबाइलमध्ये आणली, पण लेखणी एकच असण्याचा नियम आणायला विसरलो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला निदान ठाऊक असायला हवे होते.

रुळांवरचा गोळा

येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. वाचणारे कितीही असले तरी बिघडत नाही. ग्रंथालयाच्या सूचनाफलकासमोर पन्नास विद्यार्थी उभे राहिले तरी सूचना झिजत नाही. प्रश्न लिहिणारा आला की सुरू होतो. दोन लिहिणारे एकमेकांचे पुसू शकतात. आणि लिहिणारा एक व वाचणारा एक असला तरी वाचणाऱ्याला अर्धवट लिहिलेले दिसू शकते. म्हणून नियम असा : वाचणारे अनेक चालतील, लिहिणारा एका वेळी एकच, आणि 'वाचून, हिशेब करून, लिहिणे' ही तीन कामे मिळून एकच काम समजायचे, त्यांच्या मध्ये कोणी शिरता कामा नये.

या नियमाचे उत्तम उदाहरण रेल्वेत सापडते. आमच्या मंगरूळपीरला रेल्वे नाही. आम्हांला गाडी पाहायची तर वाशिमला जावे लागते. पूर्वी लोहमार्ग बहुधा एकेरी असत. दोन स्थानकांमध्ये रूळ एक आणि गाड्या दोन्हीकडून येणार. त्यांची टक्कर होऊ नये म्हणून भारतीय रेल्वेने अनेक एकेरी मार्गांवर गोळ्याची पद्धत वापरली. दोन्ही स्थानकांत एकेक यंत्र असे आणि दोन्ही यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर काढला की तो परत कोठल्या तरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. इंजिनचालकाच्या हाती गोळा असेल तरच गाडी पुढे जायची. स्टेशनमास्तर कितीही घाईत असला तरी यंत्र त्याला दुसरा गोळा देत नसे. सुरक्षितता माणसाच्या आठवणीवर सोपवलेली नव्हती, ती यंत्रातच बसवलेली होती.

संगणकातल्या कुलुपाची कल्पनाही अशीच आहे. १९६५ साली नेदरलँड्सचे गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी अनेक कामे एकच वस्तू वापरतात तेव्हा एका वेळी एकालाच आत कसे सोडावे, या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी या कामासाठी जे साधन सुचवले त्याचे नाव सेमाफोर. म्हणजे रेल्वेच्या खांबावरचा, हात वर-खाली करणारा सिग्नल! नाव रेल्वेचेच, हे वाचून मला फार बरे वाटले.

पुढचे पाऊल म्हणजे ट्रान्झॅक्शन, अर्थात व्यवहार. मावशीने कर्ज दिले तेव्हा दोन गोष्टी घडायला हव्या होत्या : सभासदाच्या नावे कर्ज लागायचे आणि गटाची शिल्लक कमी व्हायची. पहिली घडली आणि तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली, तर? अर्धे कर्ज नावाची वस्तू जगात नसते. म्हणून दोन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधायच्या. झाले तर सगळे होईल, नाहीतर काहीच होणार नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी या कल्पनेवर मूलभूत काम केले. १९८१ साली त्यांनी तिचे गुण आणि मर्यादा सांगणारा निबंध लिहिला आणि १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर या दोन जर्मन अभ्यासकांनी चांगल्या व्यवहाराची चार लक्षणे एका नावाखाली मांडली. तो अखंड असावा, त्याने हिशेबाचे नियम मोडू नयेत, एकाच्या अर्धवट कामाची झळ दुसऱ्याला लागू नये आणि एकदा पक्का झाला की वीज गेली तरी टिकावा. ही चार लक्षणे मी पाठ केली तेव्हा मला वाटले, बचत गटाच्या बायका तर दुसरे काहीच मागत नव्हत्या!

आगीतून फुफाट्यात

रोग कळला, औषधही कळले. मी उत्साहाने पडद्यामागच्या धाग्याचे सगळे काम एका व्यवहारात बांधून टाकले. कुलूप लावायचे, शिल्लक वाचायची, नेटवर्कवरून नोंदी आणायच्या, शिल्लक लिहायची, कुलूप काढायचे. मला वाटले, सुंठीवाचून खोकला गेला. प्रत्यक्षात आगीतून फुफाट्यात पडलो. नेटवर्क येईना तेव्हा तो धागा कुलूप लावून वाट पाहत बसे. मावशी 'जतन करा' हे बटण दाबी आणि मोबाइल ढिम्म हलत नसे. काही वेळाने डेटाबेस कुलूपबंद असल्याचा संदेश पडद्यावर येई. एसटी स्टँडवर पाण्याच्या एकुलत्या एका नळाला तोंड लावून कोणी गप्पा मारत उभा राहिला, तर मागची रांग काय म्हणेल? तसे ते झाले होते.

त्यातून धडा मिळाला तो असा : कुलूप लावावे, पण क्षणभर लावावे. ज्या कामाला किती वेळ लागेल ते आपल्या हाती नाही, ते काम कुलूप लावून करू नये. मी क्रम बदलला. आधी कुलपाशिवाय नेटवर्कवरून नोंदी आणून बाजूला ठेवायच्या. त्या हाती आल्या की मगच कुलूप लावायचे, त्या क्षणीची ताजी शिल्लक वाचायची, मिळवायची, लिहायची आणि कुलूप सोडायचे. याला मोबाइलला सेकंदाचा अगदी लहान अंश पुरतो. शिवाय लिहिण्याच्या हेतूने आलेल्या धाग्याने सुरुवातीलाच लेखणी मागून घ्यायची, वाचून झाल्यावर मध्येच नाही. दोघेही वाचून बसले आणि मग दोघांनीही लेखणी मागितली, तर एकाला हात हलवत परत जावे लागते. आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती असेल तर लगेच रागावून निघून न जाता काही क्षण थांबायचे, ही सूचनाही डेटाबेसला देता येते.

सातबारा आणि फेरफार

तरी एक अडचण उरलीच. वर्षाअखेरीचा सबंध अहवाल मोबाइल तयार करू लागला की त्या वाचनात थोडा वेळ जाई आणि तोवर नवी नोंद पक्की होत नसे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये माहिती साठवण्यासाठी एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली प्रथम प्रसिद्ध केला आणि तो सर्वांना मुक्त आहे. त्याच्या जुन्या पद्धतीत लिहिणारा मूळ पानावरच लिहितो, म्हणून पान पक्के करताना वाचणाऱ्यांना दूर व्हावे लागते आणि वाचणारे दूर होईपर्यंत लिहिणाऱ्याला थांबावे लागते. २०१० साली त्यात एक नवी पद्धत आली. तिचे नाव आधी रोजनाम्यात लिहिण्याची पद्धत, असे भाषांतरित करता येईल. मी तिचे वर्णन चार वेळा वाचले आणि चारही वेळा ते डोक्यावरून गेले. ते मला कळले ते तलाठी कार्यालयात!

झाले असे की आजोबा वारल्यानंतर वारसांची नोंद करण्यासाठी मी वडिलांबरोबर गेलो होतो. अर्ज दिला होता, फेरफार क्रमांकही पडला होता. पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव होते. वडील अस्वस्थ झाले. तेव्हा आमच्या ओळखीचे एक निवृत्त पटवारी तेथे होते (आमच्या वऱ्हाडात तलाठ्याला अजूनही पटवारीच म्हणतात). त्यांनी समजावले, "सातबारावर एकदम कोणी लिहीत नसते. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत लिहायचे. संबंधितांना नोटीस द्यायची. कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबारावर अंमल होतो. तोवर ज्याला सातबारा पाहायचा त्याने खुशाल पाहावा, त्याचे काही अडत नाही." महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये ही रीत घालून दिलेली आहे. आता हे काम ई-फेरफार प्रणालीत संगणकावर होते, पण क्रम तोच आहे.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एसक्यूलाइटची नवी पद्धत म्हणजे फेरफाराची नोंदवहीच होय! लिहिणारा मूळ डेटाबेसला, म्हणजे सातबाऱ्याला, हात लावत नाही. तो शेजारच्या एका वेगळ्या फाइलीत, म्हणजे फेरफारात, ओळीने नोंदी लिहीत जातो. व्यवहार पुरा झाला की तेथे 'पक्के' अशी खूण करतो. वाचणाऱ्याने वाचायला सुरुवात केली त्या क्षणी जेवढे पक्के झालेले असेल तेवढेच त्याला शेवटपर्यंत दिसते. मध्ये कोणी दहा नोंदी केल्या तरी त्याचे चित्र ढळत नाही. एखादे पान हवे असले की तो आधी फेरफारात पाहतो आणि तेथे नसेल तर सातबाऱ्यात. जमीन घेणारा शहाणा माणूस दोन्ही कागद पाहतो, तसेच हे आहे. मग सवडीने फेरफारातल्या पक्क्या नोंदी मूळ डेटाबेसमध्ये उतरवल्या जातात. नेहमीच्या मांडणीत फेरफाराची सुमारे एक हजार पाने भरली की हे काम आपोआप होते.

दृष्टांत सर्वांगाने जुळत नसतो, हे अलंकारशास्त्र शिकलेल्यांना सांगायला नको. मोबाइलमध्ये हरकतीची मुदत नसते. तेथे नोंद क्षणात पक्की होते. लेखणी मात्र या पद्धतीतही एकच राहते. एका वेळी दोघांना फेरफारात लिहिता येत नाही. आणि कोणी वाचक जुने चित्र धरून फार वेळ बसून राहिला तर त्याच्या नंतरच्या नोंदी मूळ पानावर उतरवता येत नाहीत, फेरफाराची फाइल फुगत जाते. पण लाभ मोठा आहे. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. मी ही पद्धत सुरू केली आणि अहवाल चालू असताना मावशीच्या नोंदी बिनतक्रार होऊ लागल्या.

दोन गावे, एक हिशेब

इथवर गोष्ट एका मोबाइलची झाली. एका मोबाइलच्या आत कुलूप लावता येते; पण मावशीच्या मोबाइलमधले कुलूप अध्यक्षबाईंच्या मोबाइलला कसे दिसणार? मोबाइल दोन, गावाची टोके दोन आणि मध्ये नेटवर्क आहेही आणि नाहीही.

पूर्वी रेल्वेच्या आरक्षणाचे रजिस्टर कागदी असे. ते ज्या खिडकीत, त्याच खिडकीत त्या गाडीचे आरक्षण. रजिस्टर एक, कारकून एक, म्हणून एक जागा दोघांना जाण्याचे भय कमी. पण रांग लांब. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले आणि पुढे ते देशभर जोडले गेले. तेव्हा अनेक खिडक्यांतून एकाच गाडीच्या जागा मागता येऊ लागल्या. पण जागा कोणाला द्यायची, हा निर्णय मध्यवर्ती डेटाबेसच करतो. खिडक्या अनेक आणि शेवटचा शब्द एकाचा, ही त्यातली मेख आहे.

आपल्या शेतकऱ्यांच्या हाती तर ही गोष्ट रोजची झाली आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे अ‍ॅप राज्यभर आणले. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून आपला पीकपेरा स्वतः नोंदवायचा आणि तो गाव नमुना बारामध्ये जायचा. पूर्वी गावाची पिकांची नोंदवही एकटा तलाठी लिहीत असे. आता हजारो हात एकाच हंगामात लिहितात. पण येथे एक गोष्ट सोपी आहे. प्रत्येकजण आपल्याच गटाची ओळ लिहितो, माझ्या सोयाबीनच्या नोंदीवर शेजाऱ्याची तूर येऊन पडत नाही. ज्याची ओळ वेगळी त्याच्याशी भांडण नाही. जेथे सगळ्यांना एकच आकडा बदलायचा असतो, तेथेच खरी गर्दी होते.

यावरून मी माझ्या वहीची घडीच बदलली. शिल्लक हा सर्वांनी ओढण्याचा आकडा मी काढूनच टाकला. आता प्रत्येक मोबाइल फक्त नवी नोंद जोडतो. जुनी कोणी बदलत नाही, पुसत नाही. चूक झाली तर उलट नोंद करायची, जशी जुन्या खातेवहीत खाडाखोड न करता करीत. शिल्लक हवी तेव्हा सर्व नोंदींची बेरीज करायची. दोन-चारशे नोंदींची बेरीज मोबाइलला जड नाही. आणि प्रत्येक नोंदीला, ती जन्मते तेव्हाच, दुसऱ्या कोणत्याही नोंदीला नसेल असा क्रमांक द्यायचा. कारण नेटवर्क मध्येच तुटले तर अध्यक्षबाईंच्या मोबाइलला कळत नाही की नोंद पोचली की नाही. तो ती पुन्हा पाठवतो. क्रमांक ओळखीचा असला की मावशीचा मोबाइल म्हणतो, ही तर आली आहे, आणि ती दुसऱ्यांदा मिळवत नाही. नाहीतर हरवलेल्या पाचशेच्या जागी दुप्पट झालेले दोनशे येऊन बसायचे.

बैठक

हे सगळे मी आता शहाण्यासारखे सांगतो आहे. पण त्या वेळी यापैकी काहीही करण्याआधी एक काम होते आणि ते कोणत्याही प्रोग्रॅममध्ये बसणारे नव्हते. बारा जणींसमोर जाऊन चूक माझी आहे हे सांगायचे होते. मोबाइल 'हँग' झाला, असे म्हणून सुटता आले असते. आपण सगळेच तसे म्हणतो. पण त्यामुळे मावशीवरचा संशय धुतला गेला नसता, तो फक्त झाकला गेला असता.

मी कागदावर उतरवलेल्या नोंदी घेऊन गेलो. पहिल्या दिवसापासूनची एकेक नोंद मोठ्याने वाचली. जिची नोंद तिने 'हो' म्हणायचे, असे ठरले. अध्यक्षबाई स्वतः बेरीज करीत होत्या. दीड तास लागला. पाचशेच्या कर्जाची नोंद आली तेव्हा ते घेणारी 'हो' म्हणाली आणि त्या दिवशी आलेल्या दोनशेच्या नोंदीला अध्यक्षबाई 'हो' म्हणाल्या. शेवटी बेरीज आली चौदा हजार तीनशे. पेटी उघडली. पेटीतही तेवढेच. मी सांगितले की दोघींनीही बरोबर लिहिले होते, मीच दोघींच्या हाती एकाच वेळी लेखणी दिली होती. अध्यक्षबाई उठल्या आणि मावशीच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यापेक्षा अधिक काही झाले नाही आणि व्हायची गरजही नव्हती.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यातले पुष्कळजण उद्या कारकून होतील, ग्रामसेवक होतील, शिक्षक होतील, संस्थांचे हिशेब पाहतील. तेव्हा पडद्यावर एक आकडा दिसेल, टेबलावर दुसरा असेल आणि समोर घाबरलेला एखादा माणूस उभा असेल. त्या वेळी मनात एक प्रश्न यावा : हा आकडा कोणी, केव्हा आणि कोणाच्या आकड्यावर लिहिला? यंत्राचा आकडा खरा आणि माणूस खोटा, असे मानायला आपण फार लवकर शिकलो आहोत.

अ‍ॅप अजून चालू आहे आणि हिशेब आता पेटीशी जुळतो. पण मावशीने माळ्यावरून लाल पुठ्ठ्याची वही पुन्हा खाली काढली आहे. बैठक संपली की ती अ‍ॅपमधल्या नोंदी वहीत उतरवते आणि खाली अध्यक्षबाईंची सही घेते. मी एकदा तिला म्हणालो, "मावशी, आता चूक होणार नाही. दोन-दोनदा कशाला लिहितेस?"

ती पेनाचे टोपण लावत म्हणाली, "तुह्यावर इस्वास हाये रे बाबू. पन वहीले नेटवर्क लागत नाही."